डेटा काढायचा का?

सोमवार, ४

आज कॉम्प्युटर उठला नाही. बटण दाबलं, आतला पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पण समोरचा पडदा काळाठिक्कर. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मी पत्रा ठोकणाऱ्या प्रेसमशिनांवर हयात घालवलेला माणूस. मशीन बिघडलं की नुसत्या आवाजावरून कुठे दुखतंय ते सांगायचो. या डब्याचा आवाज मात्र धडधाकट आणि काम शून्य. अशी माणसं माझ्या ओळखीत बरीच आहेत, कॉम्प्युटर पहिलाच.

पुस्तक याच्या पोटात आहे. सात वर्षांचं काम. माझा बिजागऱ्यांचा कारखाना कसा उभा राहिला आणि माझ्या मेहुण्यानं तो कसा बुडवला, याची साग्रसंगीत हकिगत. बायकोचा थोरला भाऊ म्हणून मीच त्याला भागीदार करून घेतलं होतं. मी दवाखान्यात आडवा झालो आणि इकडे त्यानं प्रेस विकून टाकले. परत आलो तेव्हा शेडच्या जमिनीवर मशिनांच्या जागी नुसते तेलकट चौकोन होते. हे सगळं लिहून झालंय. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय आणि प्रकाशकाला मी महिनाअखेरीचा शब्द दिलाय. दुसरी प्रत कुठेही नाही. मुलगी परगावाहून कितीदा म्हणाली, बाबा, एक कॉपी माझ्याकडे पाठवून ठेवा. मी म्हटलं, नको. या घरातली बातमी त्या घरात जायला वेळ लागत नाही.

लिहून झालंय म्हणजे सांगून झालंय. माझं अक्षर कुणाला लागत नाही, आणि कीबोर्डवर एक अक्षर सापडेपर्यंत मनातलं वाक्य विरून जातं. म्हणून रोज संध्याकाळी मी खुर्चीच्या मागे उभा राहून सांगतो आणि बायको टाइप करते. लग्नाआधी ती एका ऑफिसात टायपिस्ट होती. मधे प्रश्न नाही, सूचना नाही, सांगितलेलं अक्षर इकडचं तिकडे होत नाही. अशी टायपिस्ट शोधून सापडायची नाही.

तिला म्हटलं, कॉम्प्युटर गेला. ती हात पुसत आली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं. मग आज जरा फिरून या." मी फिरून आलो. संध्याकाळ तरीही संपेना, म्हणून एका औषध कंपनीची कोरी पडलेली ही डायरी काढली. इथे मात्र माझं मलाच लिहावं लागणार.

मंगळवार, ५

मुलीला फोन केला. ती म्हणाली, घाबरू नका, आधी सगळ्या वायरी काढून पुन्हा घट्ट बसवा. बसवल्या. मग म्हणाली, डब्याचं एका बाजूचं झाकण उघडा, आत एक लांबट हिरवी पट्टी उभी असेल, तिला रॅम म्हणतात, ती काढा आणि तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासा. मला वाटलं, थट्टा करते आहे. पण नाही, म्हणे जगभर हाच उपाय करतात. एवढी चंद्रापर्यंत मजल मारलेली विद्या आणि इलाज खोडरबर.

घरात खोडरबर मिळेना. शेवटी बायकोच्या शिवणाच्या डब्यात एक तुकडा निघाला. घासला, पट्टी बसवली, बटण दाबलं, आणि पडदा उजळला. काळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. त्याचा अर्थ मुलीनं सांगितला: डिस्क सापडत नाही. म्हणजे काल मुका होता, आज बोलायला लागला, आणि बोलला तर काय, की पुस्तक जिथे आहे ती वस्तूच मला माहीत नाही.

फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, मामा कसा आहे. मी म्हटलं, तुझी आई जाणे. मेहुण्याला मध्यंतरी अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून बायको एक दिवसाआड दुपारची जाते. मी अडवत नाही. मला कुणी क्रूर म्हणू नये.

गुरुवार, ७

डिस्क म्हणजे पत्र्याची एक चपटी डबी. तिच्या दोन वायरींपैकी एक सैल होती. दाबून बसवल्यावर कॉम्प्युटरला डिस्क सापडली. आता पडद्यावर ठिपक्यांचं एक वर्तुळ येतं आणि फिरत राहतं. सकाळी चहा पिऊन झाला, दाढी झाली, पेपर झाला, वर्तुळ फिरतंच आहे. मुलगी म्हणाली, विंडोज बिघडलंय, आता दुकानातला माणूसच बोलवा.

म्हणजे पुस्तक आत आहे. शाबूत आहे. दार उघडत नाही इतकंच. एका बिजागरीवाल्याच्या नशिबी हे यावं.

बायको स्वयंपाकघरात गुणगुणत होती. कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. बाहेर माझा जीव टांगणीला लागलाय आणि आत गाणी. विचारलं तर म्हणाली, "मी? छे, कुठे." कदाचित संध्याकाळचं टायपिंग नाही म्हणून हाताला आराम मिळाला असेल. माझ्या लक्षात आलं नव्हतं, तिलाही साठी उलटली. पुस्तक संपलं की तिला सुट्टीच सुट्टी.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहून ठेवतो. मला पुस्तक विकायचं नाही, नावही नको. एकच प्रत पुरे. ती मी स्वतः नेऊन मेहुण्याच्या हातात ठेवणार. तो डोळे मिटायच्या आत. मग वाच म्हणावं, आणि मग मीट काय मिटायचे ते. हे मी बायकोसमोर महिन्यापूर्वीच बोललो आहे. ती शेवटून दुसरं प्रकरण टाइप करत होती. तिनं मान डोलावली, निदान मला तसं वाटलं.

शनिवार, ९

दुरुस्तीवाला येऊन गेला. मंडईमागे त्याचं दुकान आहे. चाळिशीचा, ढेरपोट्या, बोलायला मशीनगन. आल्या आल्या म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." अजून चप्पल काढली नव्हती. मी म्हटलं, आधी बघा तरी. बघितलं, वर्तुळ फिरताना बघत एक कप चहा प्यायला आणि म्हणाला, "फॉरमॅटच मारावा लागेल." त्याला लोक फॉरमॅट याच नावानं ओळखतात हे मला नंतर कळलं. सर्दीलाही तो फॉरमॅट मारील.

मी त्याला बजावलं की आत सात वर्षांचं काम आहे, त्याला धक्का लागता कामा नये. तो म्हणाला, "डेटाचं टेन्शन नका घेऊ काका, मी विचारल्याशिवाय हात लावत नाही." डबा बगलेत मारून गेला. टेबलावर धुळीचा चौकोन राहिला. बायकोनं लगेच ओलं फडकं आणून पुसून घेतला.

सोमवार, ११

काही करायला नाही. प्रकरणं मनातल्या मनात म्हणून बघितली. पहिलं पूर्ण आठवलं, दुसरं निम्मं. काळजी नको, डबा परत आला की झालं.

दुपारी बायको भावाकडे निघाली. दारात थांबून म्हणाली, "एकदा येऊन जा ना तुम्ही." मी म्हटलं, येणार आहे, पुस्तक घेऊनच येईन. ती चपलेचा पट्टा लावत बराच वेळ वाकून उभी होती. मग गेली.

तिला सांगायला हवं होतं, की माझं तिच्याशी काही वाकडं नाही. भांडण माझं आणि त्याचं. तिला मी यात कधी ओढलं नाही.

मंगळवार, १२

सकाळी डोळे तपासायला गेलो होतो. मोतिबिंदू अजून पिकायचाय म्हणे. परत आलो तर बायकोनं सांगितलं, दुकानातून फोन आला होता.

"काय म्हणाला?"

"विचारत होता, डेटा काढायचा का."

"मग?"

"म्हटलं, काढा."

बरोबर उत्तर दिलंन. नाहीतर बायका म्हणतात, ते आल्यावर विचारते, आणि तिकडे दुकानदार दुसऱ्याचं काम हातात घेतो. म्हणजे आता तो पुस्तक आधी सुखरूप बाहेर काढील आणि मग त्याचा तो फॉरमॅट खुशाल मारील. फार दिवसांनी जेवण गोड लागलं. प्रकाशकाला फोन करून सांगितलं की उशीर होणार नाही. बायको फारशी जेवली नाही, म्हणाली, भूक नाही.

शुक्रवार, १५

गेलं.

सगळं गेलं.

शनिवार, १६

काल लिहिण्याच्या अवस्थेत नव्हतो. आज झालं तसं लिहितो.

फॉरमॅट डबा घेऊन आला, वायरी जोडल्या, बटण दाबलं. दहा मोजायच्या आत पडदा निळा, स्वच्छ, जसा काही आजच दुकानातून आणलाय. तो म्हणाला, "बघा काका, विमान झालंय विमान." मी म्हटलं, पुस्तक दाखवा. तो म्हणाला, कुठलं पुस्तक? मी म्हटलं, डेटा. तो म्हणाला, "डेटा काढला ना. तुमच्या घरूनच सांगितलं, काढा म्हणून."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, कुठे काढला? तो म्हणाला, काढला म्हणजे काढला, उडवला. परत आणायला बघा म्हटलं तर मान हलवली, वर नवीन विंडोज बसलंय, आता देवही आणू शकणार नाही.

त्याला मी काय काय बोललो ते लिहीत नाही. गाढवालासुद्धा कळतं की माणूस काढा म्हणतो तेव्हा वाचवा म्हणत असतो. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फॉरमॅटनं तोंड उघडलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि ती आत वळली तसं त्यानं उघडलेलं तोंड मिटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. जाताना एवढंच म्हणाला, "सॉरी काका." सात वर्षांना सॉरी.

बायकोला म्हटलं, तुझी चूक नाही. तू बरोबरच बोललीस, समजणारा मूर्ख निघाला. ती आत जाऊन भांडी घासत बसली. फार मनाला लावून घेतलंय तिनं.

रविवार, १७

माझा घात मेहुण्यानं केला आणि उरलेला आपल्या भाषेनं. काढणे हे क्रियापद ज्यानं कुणी काढलं त्याला धरून आणला पाहिजे. आपण चित्र काढतो, म्हणजे नव्हतं ते आणतो. डाग काढतो, म्हणजे होतं ते घालवतो. दुकान काढलं म्हणजे सुरू केलं, नोकर काढला म्हणजे हाकलला. मी कारखाना काढला आणि मेहुण्यानं मला काढलं, दोन्ही वाक्यं व्याकरणात चपखल बसतात. लोक दात काढतात ते दंतवैद्याकडे रडत आणि चारचौघांत हसत. दिवस काढायचे, झोप काढायची, दुसऱ्याची उणीदुणी काढायची, आणि त्याच शब्दानं एका निरक्षर फॉरमॅटवाल्यानं माझी सात वर्षं काढायची. इतकी वर्षं हा शब्द वापरतोय, कधी त्याच्याकडे वळून बघितलं नव्हतं.

हे बायकोला ऐकवलं. वाटलं, हसेल तरी. ती म्हणाली, "सारखा तोच विषय नको."

बुधवार, २०

पण मी सोडणारा नाही. सकाळपासून फिरतोय. इमारतीच्या सेक्रेटरीला सांगितलं, दवाखान्याच्या कंपाउंडरला सांगितलं, शाळेच्या हेडक्लार्कला सांगितलं, झेरॉक्सवाल्याच्या दुकानात उभं राहून येईल त्याला सांगितलं. या माणसाच्या हातात कॉम्प्युटर देऊ नका, विश्वासघातकी आहे. दवाखान्याचे तीन कॉम्प्युटर त्याच्याकडे असायचे. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टरांच्या कानावर घालतो. संध्याकाळी कळलं, काम दुसऱ्याला दिलं. छान झालं. दगाबाज माणसाला जागच्या जागी धडा मिळाला की पुढच्याचा कारखाना वाचतो. हे मला वेळेवर जमलं नाही, त्याची फळं भोगतोय.

बायकोला कळलं तेव्हा तिच्या हातातलं भांडं खाली पडलं. म्हणाली, "त्याचं पोट आहे हो त्यावर. त्याला सोडा."

मी म्हटलं, माझ्या पुस्तकाचं काय? तुला परक्याचा एवढा पुळका कशासाठी? ती म्हणाली, "परक्याचाच ना. म्हणून." मला या उत्तराचा अर्थ लागला नाही.

गुरुवार, २१

बायको भावाकडे राहायला गेली. त्याचं जास्त झालंय. फ्रीजमध्ये डब्यांवर चिठ्ठ्या लावून गेली, सकाळ, संध्याकाळ.

एकट्यानं नव्या कॉम्प्युटरसमोर बसून बघितलं. नवा कसला, तोच. एक बोट, एक अक्षर. पहिलं वाक्य टाइप व्हायला एवढा वेळ लागला की त्यातला राग निघून गेला. राग गेल्यावर ते वाक्य मला काही खास वाटेना. पुसून टाकलं.

शनिवार, २३

आज दुकानात गेलो. सांगायचं होतं की मी ग्राहक मंचाकडे जाणार आहे. दोन गिऱ्हाइकं होती, ती असली तर बरंच, म्हणून आवाज चढवला. फॉरमॅट एका उघड्या डब्यात वाकून फुंकर मारत होता. माझं सगळं ऐकून घेतलं. मग पेचकस खाली ठेवला.

"काका, बसा."

मी बसलो नाही.

"मी आजवर गप्प बसलो, कारण काकूंना शब्द दिला होता. पण तुम्ही माझं दवाखान्याचं काम घालवलंत. आता मला जमणार नाही." मग त्यानं सांगितलं. "मला काय कळत नाही होय, काढा म्हणजे काय ते? रोजचा धंदा आहे. मी त्यांना स्पष्ट विचारलं, काकू, काढून ठेवू की काढून टाकू? त्या म्हणाल्या, टाका. मी म्हटलं, सात वर्षांचं आहे म्हणाले होते काका. त्या म्हणाल्या, माहीत आहे, मीच टाइप केलंय. काढून टाका. आणि त्यांना सांगू नका, मी सांगेन."

गिऱ्हाइकांपैकी एक जण उगाचच माउस उचलून बघत होता. मी म्हटलं, खोटं बोलतोस. तो म्हणाला, "विचारा घरी."

रस्त्यात दोनदा थांबलो. एकदा कुणीतरी विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, उन्हामुळे.

रविवार, २४

बायको कपडे न्यायला आली. मी दारातच विचारलं, काढून टाका म्हणालीस?

"हो."

"चुकून?"

"नाही."

ती आत जाऊन कपाटातून साड्या काढत राहिली. मी मागे मागे. मी म्हटलं, सात वर्षं तूच टाइप केलंस, तेव्हा काही वाटलं नाही? ती म्हणाली, "वाटत होतं. पण तुमचा राग कुठेतरी निघायला हवा होता. म्हटलं, तिथे निघाला तर घरात निघणार नाही. सांगत होतात तोवर मी काही बोलले नाही. तुम्ही ते त्याच्या हातात द्यायला निघालात."

"देणारच होतो. त्यानं वाचावं म्हणूनच सगळा खटाटोप."

"त्याला वाचता येत नाही."

झटका आल्यापासून त्याची वाचा गेली आहे, अक्षर ओळखू येत नाही, स्वतःचं नाव लिहून दाखवलं तरी नुसता बघत बसतो. हे सगळं ती साडीची घडी घालता घालता सांगत होती. दोन महिने झाले. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुम्ही विचारलं नाहीत."

मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, वाचता येत नव्हतं तर पुस्तकानं त्याचं काय बिघडणार होतं? माझी सात वर्षं कशासाठी मारलीस?

तेव्हा ती थांबली. माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. "त्याला आता उत्तर देता येत नाही. आधी येत होतं तेव्हा तुम्ही त्याच्यासमोर गेला नाहीत. तुम्ही दवाखान्यात होतात हे पुस्तकात एका ओळीत आहे. त्या दवाखान्याचा खर्च कशावर चालला, ते एकोणीस प्रकरणांत कुठेच नाही. मी वाट बघत होते. आज सांगतील, उद्या सांगतील. शेवटचंच प्रकरण राहिलं तेव्हा समजले, येणार नाही."

मी म्हटलं, विषय तो नाही.

"नाही ना," ती म्हणाली आणि पिशवीची चेन ओढली. जाताना एवढंच म्हणाली की त्या दुरुस्तीवाल्याची माफी मागा, आणि कंपाउंडरला जाऊन खरं सांगा. मी पाहू म्हटलं.

विषय तो नाहीच. उपकाराची गोष्ट वेगळी आणि विश्वासघाताची वेगळी. मला विचारून प्रेस विकले असते तर मीच म्हटलं असतं, विका. मला विचारलं नाही. मी बेशुद्ध होतो हे खरं, पण शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. डॉक्टर काय म्हणत होते ते मला माहीत नाही, मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नसेल.

मंगळवार, २६

दुरुस्तीवाल्याकडे गेलो नाही. गुडघा दुखतोय.

बुधवार, ४

परवा मेहुणा गेला. मुलीचा फोन आला, बाबा, तुम्ही जाताय ना. गेलो. माणसांनी बाजूला होऊन वाट करून दिली. बायको भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला बघितलं आणि सरकून जागा केली. मी तिच्याजवळ बसलो नाही, दाराशी उभा राहिलो.

वाळला होता फार. उजवा हात पोटावर ठेवलेला. प्रेसमध्ये एकदा त्याची करंगळी चेमटली होती, नख पुन्हा नीट आलं नाही. ते तसंच होतं. मी येताना काय आणणार होतो आणि रिकाम्या हातानं आलो, असं काहीतरी डोक्यात आलं, आणि मग तिथे थांबवेना.

सोमवार, १६

बायको आज दुपारी घरी आली. पिशवी ठेवली, हातपाय धुतले, चहा टाकला. दोन कप आणून एक माझ्यापुढे ठेवला. मी काय बोलावं याची तयारी केली होती, त्यातलं काहीच बोललो नाही. म्हटलं, तब्येत बरी आहे ना? ती म्हणाली, बरी आहे.

संध्याकाळी, नेहमीच्या वेळेला, ती जाऊन कॉम्प्युटरसमोर बसली. बटण दाबलं. तो लगेच उठला. तिनं कोरं पान उघडलं, चष्मा लावला, बोटं कीबोर्डवर ठेवली आणि म्हणाली, "सांगा."

मी विचारलं, काय सांगू?

"शेवटचं प्रकरण राहिलंय ना. आता तो नाही. आता कुणाला काही होणार नाही. सांगा."

मी म्हटलं, आता काय उपयोग, आधीचं सगळं गेलं. माझंही आता पूर्वीसारखं डोकं चालत नाही, दुसऱ्या प्रकरणापुढचं काही आठवत नाही. खरंच आठवत नाही. गेला महिनाभर मी बघतोय, राग शाबूत आहे, पण वाक्यं गेली.

"जात नाहीत," ती म्हणाली. "मला पाठ आहेत."

आणि तिनं पहिल्या प्रकरणापासून सुरू केलं. "ज्या माणसाला मी हात धरून घरात घेतलं, स्वल्पविराम, त्यानंच माझं दार बिजागरीसकट उपसून नेलं, पूर्णविराम. त्याला भाऊ म्हणायची माझी जीभ झडो, पूर्णविराम. नवीन परिच्छेद." माझं वाक्य, माझ्या जागा, माझे ठेके, मी जिथे थांबायचो तिथे थांबणं. म्हणत होती आणि टाइप करत होती, पडद्याकडे बघून, आवाज चढवला नाही की बसला नाही. ज्यांना मी एकेका संध्याकाळी दाद दिली होती ती सगळी विशेषणं तिच्या तोंडून एकामागून एक बाहेर येत होती, तिच्या भावाला लावलेली, आणि अजून पुरता महिनाही झाला नव्हता.

मी म्हटलं, पुरे.

ती थांबली नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर म्हणाली, "हात काढा, चुका होतात." मी हात काढला.

आतल्या खोलीत येऊन दार लावून घेतलंय आणि हे लिहितोय. दाराला फट आहे, सगळं ऐकू येतं. मध्यरात्र होत आली, आता तिसरं प्रकरण चालू आहे. एकूण एकोणीस आहेत.